खुंटी आणि भरवसा

या लेखात एका कातळाची हकिकत आहे आणि एका राहुटीची. कातळ इंग्लंडमधला, राहुटी आपल्या पंढरीच्या वाटेवरची. दोन्हींचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पण एका दुपारी या दोन्ही हकिकती माझ्या मनात शेजारी येऊन बसल्या आणि तेव्हापासून उठायला तयार नाहीत.

माझी लेक नोकरीनिमित्त शेफील्डला असते. गेल्या वर्षी आषाढीची वारी करून मी महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. चातुर्मासात घर सोडून इतक्या लांब जायचे माझ्या जिवावर आले होते. पण आमचे विणेकरीबुवा म्हणाले, "हरिपाठ तिथेही म्हणता येतो, गुरुजी," तेव्हा निघालो. गेल्यावर कळले की लेकीला कडे चढण्याचा नाद लागला आहे. दोन वर्षे ती दुसऱ्याच्या मागून चढत होती. आता प्रथमच ती पुढे चढणार होती, आणि मी तिथे असतानाच ते व्हावे अशी तिची इच्छा होती.

पुढे चढणे आणि मागून चढणे यांत फरक काय, हे आधी सांगितले पाहिजे. मागून चढणाऱ्याचा दोर वरून येतो. वर पोहोचलेला माणूस तो ओढून घेत असतो. पाय सुटला तर मागचा माणूस फार तर हातभर खाली येतो आणि लोंबत राहतो. पुढे चढणाऱ्याचा दोर मात्र खाली जातो. वर कोणीच नसते. त्याने जाता जाता कातळाच्या भेगेत काहीतरी अडकवायचे, त्याला कडी लावायची, कडीतून दोर घालायचा आणि पुढे सरकायचे. खाली उभा असलेला जोडीदार दोर सोडत राहतो. शेवटची कडी दोन मीटर खाली असताना पाय सुटला, तर माणूस ते दोन मीटर पडतो आणि कडीच्या खाली आणखी दोन मीटर. दोर ताणला जातो ते वेगळे. तेही भेगेत अडकवलेली वस्तू टिकली तर. नाही टिकली तर तिच्या खालची. म्हणजे ज्याच्यावर जीव टांगायचा ते आपणच, एका हाताने कातळ धरून दुसऱ्या घामेजल्या हाताने बसवलेले असते.

कातळाला भोक पाडून त्यात लोखंडी कडी कायमची बसवली की काम सोपे होते. पुष्कळ ठिकाणी तसे करतात. आपल्या सह्याद्रीतल्या अनेक सुळक्यांवरही अशा मेखा आहेत. पण लेक जिथे चढणार होती तिथे हे चालत नाही. शेफील्डच्या पश्चिमेला, हॅदरसेज गावाच्या वरच्या अंगाला, स्टॅनेज नावाची सुमारे सहा किलोमीटर लांब कड आहे. उंची फार नाही. दगड आपल्यासारखा काळा नाही. भुरा, खरखरीत, हाताची साल काढणारा. तिथे हातोडा न्यायचा नाही, भोक पाडायचे नाही, अशी तिथल्या चढणाऱ्यांची पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. पुढचा जे भेगेत बसवत जातो ते मागचा काढत येतो. दोघे वर पोहोचले की कातळ होता तसा.

याचा इतिहास विचारल्याशिवाय माझ्यातल्या शिक्षकाला चैन पडेना. पूर्वी तिकडचे चढणारे खिशात गोटे घेऊन जात आणि भेगेत गोटा अडकवून त्याभोवती दोरीचा फास टाकत. मग कोणाला यंत्राचे नट सापडले. आतले आटे घासून काढायचे, भोकातून दोरी ओवायची, झाला आधार तयार. साठच्या दशकाच्या आरंभी खास चढाईसाठीच असे नट बनू लागले; आता ते हलक्या धातूचे, तारेवर बसवलेले, एका बाजूला निमुळते असतात, पण नाव 'नट' हेच राहिले. अमेरिकेत त्या काळी पोलादी मेखा ठोकून चढत, काढत, पुन्हा ठोकत. त्यामुळे योसेमिटीच्या कातळातल्या भेगा झिजून विद्रूप होऊ लागल्या. इव्हॉन शुइनार्ड हा तिथला नामांकित चढणारा स्वतःच मेखा घडवून विकत असे आणि त्याच्या धंद्याचा मोठा भाग त्यावरच चाले. त्याने 1972 साली आपल्या दुकानाच्या मालयादीतच छापले की मेखा सोडा, नट वापरा. ज्यावर आपले पोट आहे तेच चुकते आहे, असे स्वतःच्या यादीत छापणारा माणूस मला तरी आपल्यातलाच वाटला. गळ्यात माळ नसली म्हणून काय झाले?

आदल्या रात्री लेक ती सगळी सामग्री जमिनीवर मांडून बसली होती. मी हरिपाठ आटोपून तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "भरवसा ठेव. पांडुरंग सांभाळतो." ती म्हणाली, "ठेवते, बाबा. पण प्रत्येक नट बसवल्यावर ओढूनही बघेन." मला ते किंचित लागले. भरवसा आहे तर ओढून काय बघायचे? देवाची परीक्षा पाहणारा भक्त कसला? असे मी बोललो नाही, पण मनात घेऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी ऊन होते. माळावर जांभळी फुले आली होती. त्या कड्याखाली गवतात दगडी चाके पडलेली आहेत. त्या दगडाची पूर्वी तिथे जाती घडवत. घडवून झालेली पण कोणी न नेलेली ती चाके अजून तशीच आहेत. मी एकावर बसलो. जनाबाईच्या जात्याची आठवण झाली. हात लावायला देव आला नाही म्हणून ही पडून राहिली असावीत, असे वाटून हसू आले.

चढाईच्या वाटेचे नाव 'हेवन क्रॅक', म्हणजे स्वर्गाची भेग. शेजारीच 'हेल क्रॅक' आहे आणि ती जास्त अवघड. मी म्हणालो, "वारकऱ्याला यातले काहीच नको असते." लेक म्हणाली, "पंढरी क्रॅक नाही ना इथे, बाबा." त्या वाटेची श्रेणी 'अतिशय कठीण'. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मग कळले की श्रेणींना अशी नावे देण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची आहे. पुढे माणसे याहून कितीतरी अवघड चढू लागली आणि त्या काळचे अतिशय कठीण आज नवशिक्यांच्या वाट्याला आले.

तिची जोडीदार म्हणजे साठी उलटलेली एक निवृत्त परिचारिका. बोलणे कमी. ती खाली दोर धरून उभी राहिली. तिच्या एका हाताने दोराची जी बाजू धरली होती ती तिने चढाई संपेपर्यंत एक क्षणही सोडली नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. आपल्याकडे सप्ताहात विण्याचा पहारा असतो. वीणा गळ्यात आली की दुसरा येऊन ती आपल्या गळ्यात घेईपर्यंत खाली ठेवायची नाही. त्या बाईंचे उभे राहणे अगदी तसे होते.

लेक चढू लागली. पहिला नट छातीच्या उंचीच्या थोडा वर, दुसरा साडेतीन मीटरवर, तिसरा सहावर. प्रत्येक वेळी खाली झटका देऊन बघत होती. मी नाम घेत होतो. ती आठ मीटरच्या आसपास पोहोचली तेव्हा दोर वर खेचला गेला आणि तिसरा नट भेगेतून अलगद वर उचलला गेला, सुटला, आणि दोरावरून घरंगळत खाली आला. आवाज एवढासाच झाला. चमचा पडल्यासारखा.

मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तिला कळला, त्या बाईंना कळला. लेकीचा उजवा पाय थरथरू लागलेला मला खालून दिसत होता. मी तिला हाक मारायला तोंड उघडले. बाईंनी माझ्याकडे न बघता मोकळा तळहात माझ्या दिशेने धरला. मी गप्प बसलो. आयुष्यात इतके अवघड मौन मी पाळलेले नाही.

वर जायला फार तर तीन मीटर उरले होते. मला वाटले ती आता देवाचे नाव घेऊन झपाट्याने वर जाईल. मी तिच्या जागी असतो तर तेच केले असते आणि त्याला श्रद्धा म्हटले असते. ती खाली उतरू लागली. एकेक पाय चाचपत, दोन्ही पावले नीट टेकतील अशा जागेपर्यंत. तिथे ती बराच वेळ कपाळ दगडाला टेकवून उभी होती. मग तिने दुसरा नट काढला, भेगेत दोन ठिकाणी घालून पाहिला, तिसऱ्या ठिकाणी बसवला. या वेळी खाली झटका दिला, बाहेरच्या बाजूला दिला, वरही उचलून पाहिला. त्याला लांब पट्टा लावला, म्हणजे दोराची ओढ नटाला हलवणार नाही. आणि पुन्हा चढली. वर पोहोचल्यावर तिचा आवाज आला तेव्हा मी जात्याच्या चाकावर बसलेलोच नव्हतो, कधी उभा राहिलो ते मला आठवत नाही.

बाई मागून चढल्या, सगळे नट काढत गेल्या. दोघी मागच्या वाटेने खाली आल्यावर मी विचारले, त्या वेळी पाय सुटला असता तर? लेकीने हिशेब सांगितला. ती आठ मीटरवर, टिकलेला नट साडेतीनवर. साडेचार मीटर नटापर्यंत, आणि तितकेच त्याच्या खाली. खाली तितकी जागाच नव्हती. जमीन होती.

मी म्हणालो, "देवाने वाचवलं गं."

ती म्हणाली, "हो, बाबा. आणि चूक माझी होती. मी फक्त खाली ओढून पाहिला, दोर त्याला वर खेचेल हे ध्यानात घेतलं नाही. नुसती मीच पडले असते असं नाही. ते यांच्या हातात झालं असतं. यांना ते जन्मभर वागवावं लागलं असतं."

'हो' आणि 'चूक माझी होती' ही दोन वाक्ये तिने एका श्वासात म्हटली. मला ती एका श्वासात कधी म्हणता आली नव्हती.

आता राहुटी. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माउलींच्या पालखीबरोबर आमची दिंडी बरडच्या मुक्कामी होती. आमच्या दिंडीतल्या राहुट्यांची व्यवस्था माझ्याकडे. जमीन काळी, दुपारच्या सरीने भिजलेली. अशा जमिनीत लांब खुंट्या घ्याव्या लागतात आणि त्या राहुटीच्या उलट दिशेला कलत्या ठोकाव्या लागतात. सरळ ठोकलेली खुंटी दोराच्या ओढीने वर निघते. हे मला ठाऊक होते. त्या दिवशी ट्रक उशिरा आला, लांब खुंट्या सामानाच्या तळाशी होत्या, आणि मला कीर्तनाला पुढे जागा हवी होती. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, खुंट्या हलत्यात." मी म्हणालो, "पांडुरंग आहे रे," आणि कीर्तनाला गेलो.

रात्री वारा उठला. बायकांची राहुटी बसली, मधला खांब एका आजींच्या अंगावर पडला आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्यांची बावीस वर्षांची वारी त्या रात्री संपली. जीपमध्ये घालताना त्या म्हणाल्या, "पांडुरंगाची इच्छा. त्याला वाटलं, म्हातारीनं आता बसावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तेच म्हणालो, "पांडुरंगाची इच्छा."

वाचकहो, वाक्य एकच होते. पण आजींच्या तोंडी ती भक्ती होती. आपले मोडलेले हाड त्यांनी कोणावर न ढकलता देवाच्या पायाशी ठेवले. माझ्या तोंडी ती पळवाट होती. हाड त्यांचे आणि देवाच्या पायाशी ठेवायला निघालो मी.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये जुना वाद आहे. माकडिणीचे पोर आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. भक्ताने कोणासारखे व्हावे? कीर्तनातून आपणही हा दृष्टांत ऐकतो. मागून चढणारा मांजरीच्या पिल्लासारखा आणि पुढचा माकडिणीच्या पोरासारखा, असे मी त्या संध्याकाळी मनाशी जुळवत होतो. पण ते जुळेना. त्या दृष्टांतात दोघेच असतात, आई आणि पोर. कड्यावर तिसरे कोणी तरी असते. राहुटीतही होते. माझ्या एकट्याचा भार मी खुशाल देवावर टाकावा, मांजरीच्या पिल्लासारखे डोळे मिटून पडावे; तो माझा आणि त्याचा प्रश्न. पण ज्यांचा भार माझ्याकडे सोपवलेला आहे, तो मी परस्पर देवाकडे वळता करू शकत नाही. त्यांनी तो देवावर टाकला तर ती त्यांची थोरवी. मी टाकला तर ती कामचुकारी, मग टाळ हातात असोत वा नसोत.

मग नट ओढून पाहणे ही देवाची परीक्षा झाली का? मला आता तसे वाटत नाही. लेक देवाला ओढून पाहत नव्हती, स्वतःच्या हाताला ओढून पाहत होती. संशय होता तो आपल्या कामावर. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, आणि माउलींनी ती ज्ञानेश्वरीत उलगडली आहेत. ज्यावर उभे राहून कर्म होते ती जागा, करणारा, साधने, निरनिराळे व्यापार आणि पाचवे दैव. तीस वर्षे मी हे मुलांना आणि दिंडीत सांगत आलो. दैव मोजणीत आहे, ते वगळलेले नाही. पण ते पाचवे आहे. बरडला मी पाचव्यापासून मोजायला सुरुवात केली आणि तिथेच थांबलो.

यावर आमच्या फडातले एक वृद्ध महाराज म्हणाले, "गुरुजी, मग तुमच्या हिशेबात देवाला उरलं काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळे तपासूनही कातळाच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. भेग आतून पोकळ असू शकते, दगड पिचू शकतो. लांब खुंटी कलती ठोकली तरी वावटळ तिच्याहून मोठी असू शकते. लेकीने तिसऱ्यांदा नट बसवला, सगळ्या बाजूंनी पाहिला, आणि मग त्याच्याकडे पाठ करून वर गेली. पुन्हा खाली वळून बघितले नाही. ते न बघणे मला नामस्मरणासारखे वाटले. महाराजांना मी एवढेच सांगितले. त्यांचे समाधान झाले की नाही, ते बोलले नाहीत.

त्या आजी पुढे सहा वर्षे जगल्या. दिंडी त्यांच्या गावावरून निघे तेव्हा त्यांना बाजेवर बसवून रस्त्याकडेला आणत. खाली वाकता येत नव्हते, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला जवळ बोलावून त्याच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावायच्या. माझ्याही. सहाही वर्षे मी वाकून त्यांच्या पाया पडलो आणि पुढे गेलो.

इंग्लंडहून परतल्यावर कार्तिकीच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. सून होती. ओसरीवर बसून तिला सगळे सांगितले. खुंट्या आखूड होत्या, सरळ ठोकल्या होत्या, एकाने बजावले होते, मी कीर्तनाला गेलो.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "ठावं हाय, गुरुजी," ती म्हणाली. "सकाळी त्या चिखलातनं खुंट्या गोळा केल्या त्या मीच की."

मी काही बोललो नाही.

"आत्याबाई म्हणायच्या, कुणी काय बोलू नका, गुरुजी आपणहून येत्याल." तिने सूप बाजूला ठेवले आणि चहा टाकायला उठली. "लई वाट बघितली त्यांनी."